रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून ते पहाटे तीनला जागे होतात आणि पुण्यातल्या मुलाने फोन उचलला नाही की कासावीस होतात. दोन महिन्यांपूर्वी राजवाड्याच्या बाजारातल्या गर्दीत त्यांची छाती एकाएकी धडधडू लागली, दरदरून घाम फुटला. ‘आता मी वाचत नाही’ असे ते म्हणू लागले. ईसीजी व रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. तेव्हापासून ते बाजारात येत नाहीत आणि एका स्नेह्यांनी दिलेली अल्प्राझोलामची (चिंता शमवून झोप आणणारी) गोळी रोज रात्री घेतात. मानसोपचाराचे नाव काढले की ‘मला बाणगंगेला (इथल्या मनोरुग्णालयात) टाकणार का?’ असे म्हणून विषय तोडतात. काय करावे?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : या वयात छातीत धडधड झाल्यावर आपण आधी हृदयाची तपासणी करून घेतलीत, हे योग्यच झाले. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करावी, कारण ती ग्रंथी अतिक्रियाशील झाली तरी अशीच धडधड आणि बेचैनी होते. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्रास खोटा, असा अर्थ कोणी काढू नये. आपण वर्णन केलेला प्रसंग पॅनिक अटॅकसारखा, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यासारखा, दिसतो. तो काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. पण ‘पुन्हा होईल’ या धास्तीने माणूस ती जागाच टाळू लागतो आणि टाळल्याने भीती अधिक घट्ट होते.

मुलाची काळजी कोणत्या बापाला नसते? परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवशी, आवरू म्हटले तरी न आवरणारी काळजी झोप, काम आणि घराबाहेर पडणे यांवर परिणाम करू लागली, तर तज्ज्ञांना दाखवावे. आपल्या यजमानांच्या बाबतीत ती वेळ आली आहे.

त्या गोळीविषयी मात्र स्पष्टच सांगतो. आपल्याकडे औषधेही वाटीभर साखरेसारखी उसनी दिली जातात. अल्प्राझोलामची सवय लागते आणि रोज घेतलेली गोळी एकदम बंद केल्यास फिटचे झटकेही येऊ शकतात; म्हणून ती परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. चिंताविकारावर दीर्घकाळ दिली जाणारी औषधे निराळी असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून ती सोडू नयेत. टाळलेल्या गर्दीत टप्प्याटप्प्याने पुन्हा जायला शिकवणारी, विचार व वर्तन बदलणारी मानसोपचारपद्धतीही तितकीच उपयोगी ठरते.

चिंताविकाराच्या बहुतेक रुग्णांवर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात, दाखल करावे लागत नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. तरीही ते येण्यास तयार नसतील, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालते. जगणे नकोसे झाल्याची भाषा त्यांच्या तोंडून आली, तर त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आणि श्रम करताना छातीत दुखले किंवा कळ हातात, जबड्यात गेली, तर जुन्या ईसीजीवर विसंबून राहू नये.