निकष वरून आलेत

परकीय मदत घेतली की देशाचं राजकारण देणाऱ्याच्या ताब्यात जातं का, असं विचारलंय. इतकं सरळ मी म्हणणार नाही. सरकार जाब कुणाला देतं, ते मात्र बदलतं.

1966 घ्या. दुष्काळात आपण पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर दिवस काढत होतो आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन जहाजं हात आखडून सोडत होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली 6 जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला. कबूल केलेली मदत पुरती आलीच नाही. 1967 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या हातून कितीतरी राज्यं गेली. कारणं पुष्कळ होती, पण परकीयांपुढं झुकल्याचा ठपका सरकारला फार महागात पडला.

आता आपल्याकडचं सांगतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जावर पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. मी तेव्हा औसा तालुक्यात घरदुरुस्तीच्या कामावर होतो. लोकसहभागावर बँकेचा जोर होता, म्हणून गावोगाव समित्या झाल्या, बायकांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि अधिकारी यांच्यातला दुवा म्हणून नेमलं. ज्या बाया कधी ग्रामपंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या अभियंत्याला गाठून घराच्या मदतीचा हप्ता का अडला म्हणून विचारायला लागल्या. आपल्या पुढाऱ्यांनी हे आपणहून केलं नसतं, हे मी आजही ठामपणे सांगेन. 1995 ला सत्तापालट होऊन शिवसेना-भाजप युती आली, तरी काम थांबलं नाही.

पण त्याच कार्यक्रमात नव्या गावठाणातली घरं जमीनधारणेवर ठरली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. जुन्या गावातली उतरंड नव्या गावात पक्की बांधली गेली. ते बघताना जिवाला लागायचं. आणि मदतीची यादी! भिंतीच्या भेगा बघून कोण कुठल्या यादीत जाणार, हे ज्याच्या शब्दावर ठरायचं, त्याच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असायची. नाव राहिलेले तहसीलवर आले की उत्तर एकच, "निकष वरून आलेत." वर म्हणजे नेमकं कुठं, हे कुणीच सांगत नव्हतं.

याच्याशी रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम देणारी राज्याची योजना, ताडून बघा. 1972 च्या दुष्काळी कामांतून ती रुजली, 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लागला, 1977 ला कायदा झाला. पैसा आपल्याच राज्यातल्या करदात्यांचा. काम निघालं नाही की मजूर बाया तहसीलच्या दारात ठाण मांडायच्या आणि आमदाराला विधानसभेत तोंड उघडावं लागायचं. तिथंही साहेब वर बोट दाखवायचेच. पण ते वर म्हणजे मुंबई होती आणि तिथला मंत्री आमच्या मतांवर बसलेला होता.