समुद्रातला भूकंप: आधी तो किती खोल ते वाचा

तुमची पोस्ट वाचली. परवा पहाटे जपानच्या मिए प्रांताजवळच्या समुद्रात 6.5 चा भूकंप झाला. तुम्ही तिथून दूर ईशान्येला सेंदाईत चांगलेच हललात, जवळच्या नागोयातली मैत्रीण मात्र झोपेतून उठलीही नाही, फोनवर भूकंपाची आगाऊ सूचना वाजली नाही, आणि तुम्ही मुलांना घेऊन उजाडेपर्यंत खाली गाडीत बसून राहिलात. आकडे चुकलेत का, असं तुम्ही विचारलंय. मला 30 मे 2015 ची रात्र आठवली. टेबलाखाली बसणं, गॅस बंद करणं तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

तेव्हा आम्ही तोक्योत निशि-कासाईला चौदाव्या मजल्यावर राहायचो. आई पाटणहून आली होती. रात्री साडेआठच्या सुमारास इमारत सावकाश झोके घ्यायला लागली, थांबेचना. टीव्हीवर आलं: ओगासावारा बेटांजवळ, 8.5. माझ्या डोक्यात 2011 ची सुनामी, आईच्या डोक्यात 1967 चं कोयना, म्हणजे हललं की अंगण गाठायचं. मुलीला कडेवर घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या आईला जिन्याने खाली नेलं. सुनामीच्या भीतीने उंचावरून खाली! त्याच बातमीत खोली 590 किमी दिली होती, सुनामीचा धोका नाही हेही होतं. मी वाचलंच नाही.

खाली पोचल्यावर कळलं, लिफ्ट बंद. त्या रात्री हजारो लिफ्ट आपोआप थांबल्या होत्या आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू होणार नव्हत्या. इमारतीची देखभाल बघणाऱ्या कंपनीला चार फोन केले. उत्तर एकच, क्रमाने येऊ. वयस्कर बाई आहे, गुडघे धरलेत, निदान किती वाजतील ते सांगा म्हटलं, तर ते सांगता येत नाही. रात्री दोनपर्यंत आई लॉबीतल्या पायरीवर बसून होती. भारतात परत जाईपर्यंत ती नीट चालली नाही. कोणाकडे म्हातारं माणूस अडकलंय, एवढं विचारून क्रम लावता येत नाही का? त्या कंपनीचा राग अजून गेलेला नाही.

पुढे त्या भूकंपाचं मोजमाप सुधारलं: 8.1 आणि 682 किमी खोल. पॅसिफिक प्लेट, म्हणजे महासागराखालचा खडकाचा प्रचंड थर, जपानखाली तिरकी उतरत जाते. इतक्या खोलवर ती तुटली तर वरचा समुद्रतळ उचलला जात नाही, म्हणून पाणीही ढकललं जात नाही. हादरा मात्र लांबवर पसरतो. त्या रात्री 47 च्या 47 प्रांतांत जाणवला. 2011 चा भूकंप 24 किमीवर होता, त्यात समुद्रतळच वर आला.

तुमच्या भूकंपाची खोली सुमारे 400 किमी, म्हणजे आकडे बरोबरच आहेत. ती प्लेट थंड आणि टणक. तिच्यातून लाटा फारशा न विरता ईशान्येच्या किनाऱ्यापर्यंत येतात. सरळ वर नागोयाकडे जाताना वाटेत गरम, मऊ थर लागतो, तिथे त्या विरतात. जपानीत याला 'इजो शिनइकि', म्हणजे असामान्य हादऱ्याचा प्रदेश, म्हणतात. फोन का वाजला नाही, याचंही कारण खोलीच. एवढ्या खोल भूकंपात कुठे किती हलेल याचा झटपट अंदाज नीट बांधता येत नाही, म्हणून ती आगाऊ सूचना सहसा देत नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, भूकंपतज्ज्ञ नाही. उथळ म्हणजे सुनामी येणारच, असंही नाही. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा उथळ भूकंप झाला, पण खडक आडवे सरकले आणि लाट लहानच आली. किनाऱ्यावर असाल आणि जोरात किंवा बराच वेळ हललं, तर मात्र खोली बघत थांबू नका, लगेच उंचावर जा. आधी खोली वाचा म्हणतोय ते आधीच उंचावर, भक्कम इमारतीत असलेल्यांसाठी.

अजून एक. परदेशी संकेतस्थळांवर खोली नेमकी 10 किमी दिसली तर बऱ्याचदा तो गृहीत धरलेला आकडा असतो, जपानी हवामान खात्याचा बघा.

आणि सासूसासरे तुमच्याकडे राहायला येणार असतील, तर लिफ्ट बंद पडल्यावर कुठे फोन करायचा आणि रात्री तो कोण उचलतं, हे आत्ताच विचारून ठेवा.