वाढदिवस पाच ते सात

विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. २० जूनला मुलीला सहावं वर्ष पूर्ण होतंय. वर्गातल्या बहुतेकांचे वाढदिवस हॉलमध्ये झाले, म्हणून यजमानांनी हॉलवाल्याकडून ८० माणसांचा अंदाज काढून आणला: हॉल १२,०००, जेवण ४२५ रुपये पान या दराने ३४,०००, फुग्यांची कमान आणि थीम ११,०००, जादूगार ६,०००, केक ४,५००, रिटर्न गिफ्ट ६,०००. एकूण ७३,५००. दोन हजार टोकनही देऊन झालंय. सासूबाई म्हणतात, पूर्वीसारखा घरीच करा. दोघांची मिळून हातात येणारी रक्कम ८२,०००, घराचा हप्ता २७,५००, बचत खात्यात ४०,००० आणि जानेवारी २०२४ पासून पोस्टात महिना ३,००० ची आरडी. यजमानांचं म्हणणं, क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करू, नाहीतर आरडी मोडू.

ताई, आधी आरडीचा विषय संपवू. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत मोडताच येत नाही. तुमची तीन वर्षं जानेवारी २०२७ मध्ये भरतील. त्यानंतरही मुदतीच्या एक दिवस आधी बंद केली तरी ६.७ टक्के जाऊन बचत खात्याचे ४ टक्केच हाती पडतात. बारा हप्ते भरले असतील तर शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरावर २ टक्के जास्त, म्हणजे तुम्हाला ८.७ टक्क्यांनी. कार्डापेक्षा हे कितीतरी बरं. पण ते दवाखान्यासाठी शिल्लक ठेवा.

आता कार्ड. ७३,५०० चे १६ टक्क्यांनी बारा हप्ते केले तर महिन्याला साधारण ६,६७० बसतात. वर्षाचं व्याज ६,५०० च्या आसपास आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर ७,७०० गेले. प्रोसेसिंग फी आणखी वेगळी. घराचा हप्ता धरून महिन्याला ३४,००० हप्त्यांतच जातील आणि शेवटचा हप्ता भराल तेव्हा मुलीचा सातवा वाढदिवस दारात उभा असेल. "पाकिटं येतील, त्यात वसूल होईल" हाही हिशेब घरात झाला असेलच. पंचवीस कुटुंबांनी तीनशे-तीनशे घातले तरी ७,५०० होतात. म्हणजे जेमतेम व्याज सुटतं. शिवाय प्रत्येक पाकीट पुढेमागे परत करायचं असतं.

असे हॉलचे पैसे पंधरा वर्षं गुंतवले तर किती होतील, हे सांगायची आमच्या पैशांच्या सल्ल्याच्या धंद्यात पद्धत आहे. मी ते सांगणार नाही, कारण ते पैसे तुमच्याकडे नाहीतच. आहेत ते ४०,०००, आणि त्यांच्यावर जूनमध्ये पहिलीची फी, पुस्तकं, गणवेश, रेनकोट आहेत.

तेव्हा सासूबाईंच्या बाजूने माझं मत. पण एक धोका आधीच सांगतो. जुन्या पद्धतीचा वाढदिवस स्वस्त व्हायचा, कारण त्यात जेवण नव्हतं. संध्याकाळी पाचला मुलं यायची, डिश खायची, खेळायची आणि सातला घरी. घरी करतो म्हणून साठ-सत्तर माणसांना रात्री आठला बोलावलंत, तर केटरर आला, मांडव आला, खुर्च्या आल्या. खर्च तीस-पस्तीस हजारांवर जातो आणि थाट हॉलचाही नाही नि घरचाही नाही. सजावटीत काटकसर करून फारसं वाचत नाही. वाचतं ते वेळ आणि माणसं ठरवण्यात.

म्हणून निमंत्रणातच लिहा: "शनिवारी ५ ते ७ मुलांसाठी खेळ आणि खाऊ. मुलांना पाचला सोडा, सातला न्यायला या." तरी काही आया थांबतीलच. मुंबईत कोणी मूल सोडून लगेच माघारी फिरत नाही, त्यामुळे त्यांचं ताट आधीच धरा. बावीस मुलं आणि बारा-तेरा मोठी माणसं, असे पस्तीस जण. नातेवाइकांना त्याच दिवशी बोलावू नका. आजी-आजोबा, मामा, आत्या अशा बारा माणसांना रविवारी दुपारी पुलाव, कढी आणि शेवयांची खीर करा.

डिशचं माप सांगतो. बटाटा वेफर्स माणशी २५-३० ग्रॅम, म्हणजे एक किलो पुरे, साधारण ४००. छोटे समोसे दोन-दोन, ७० नग, ७००. ते साडेचारला गरम मिळतील असे सांगून ठेवा, कारण सकाळी आणलेले पावसाळी हवेत चिवट होतात. वेफर्सची पिशवीही डिश भरताना उघडायची. जूनमध्ये अर्ध्या तासात मऊ पडतात. केक दोन किलो, म्हणजे माणशी ५७ ग्रॅम भरतो. घरगुती ऑर्डर घेणाऱ्यांकडे साधा अंड्याविना १,७०० पर्यंत होईल. सरबताला अमृत कोकमच्या ७०० मिलिलीटरच्या दोन बाटल्या घ्या. एकास पाच पाणी घातलं की ८.४ लिटर होतं, १५० मिलिलीटरचे ५६ ग्लास. मुलांना दोनदा, मोठ्यांना एकदा पुरतं. याचे ४००. पाणी फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं, आणि बर्फ घरीच लावलेला. पावसाळ्यात बाहेरच्या बर्फाने मुलं आजारी पडली तर वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात.

डिश आणि ग्लास कागदाचे, ३५०. थर्माकोलच्या डिश २०१८ पासून महाराष्ट्रात बंद आहेत आणि फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर. कोणी काढून दिल्या तरी घेऊ नका.

सजावटीत क्रेपच्या पट्ट्या टाळा. दमट हवेत त्या लोंबतात आणि ओल्या भिंतीवर त्यांचा रंग उतरतो. सेलोटेप तर डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच निघते. रंगाऱ्याचं बिल वाढदिवसाहून मोठं झालेलं कोणाला परवडेल? पडद्याच्या दांडीपासून खिळ्यापर्यंत सुतळी बांधा, तिच्यावर आईच्या ओढण्या आणि साध्या धाग्याने फुगे. फुगे दुपारी दोननंतर फुगवा. सकाळचे फुगे संध्याकाळी सुरकुततात. फुगे, सुतळी, कार्डशीट मिळून ४०० पुरतात. सोसायटीची तळमजल्याची खोली मिळत असेल तर झाडणावळीसकट ८०० धरा. गच्चीच्या भरवशावर २० जूनला राहू नका.

औक्षण मुलं यायच्या आधी, साडेचारला. पाट, रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा. निरांजन विझतं ते वेगळं, पण फ्रॉकचा घेर सिंथेटिक असला तर धोकाही असतो. फ्रॉकला १,२०० धरलेत. सुती मिळतो.

जादूगाराच्या जागी खेळ. संगीत खुर्ची सहा वर्षांच्या मुलांना नको, कारण पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल वीस मिनिटं रडतं. त्यापेक्षा पुडकं फिरवा. आत एक बक्षीस, वर रद्दी वर्तमानपत्राचे बावीस थर. प्रत्येक थरात एक चॉकलेट आणि एक चिठ्ठी: बेडकासारखी उडी मार, आजीला गाणं म्हणून दाखव. गाणं थांबलं की ज्याच्या हातात पुडकं त्याने एक थर काढायचा. पण गाणं वाजवणाऱ्याने मुलांकडे बघून थांबवायचं, नाहीतर एकाला तीन थर मिळतात आणि दोघं कोरडी राहतात. एका थराला पाऊण मिनिट धरलं तर सोळा-सतरा मिनिटं आरामात जातात. मग मामाचं पत्र हरवलं, आणि कार्डशीटवर हत्ती काढून डोळे बांधून त्याला टिकली लावणं. खाऊचा मोठा फुगा फोडायचाच असेल तर तुकडे लगेच गोळा करा. धाकटी भावंडं ते तोंडात घालतात आणि ते घशात अडकतात. चॉकलेटं आणि बक्षिसं मिळून ५००.

रिटर्न गिफ्ट पेन्सिली, खोडरबर, छोटी वही, ४५ रुपयांत बसतं. २४ नगांचे १,०८०. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर ही वस्तू डझनाने स्वस्त पडते, पण फक्त यासाठी जाऊ नका. मे महिन्यात मुलीच्या शाळेची स्टेशनरी घ्यायला जाल, त्याच फेरीत आणा.

रविवारचं जेवण १,५०० धरून सगळं ९,०३० होतं. वरखर्चासह दहा हजार. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिन्यांत दरमहा ३,३५० बाजूला काढलेत तर बचत खात्याला हात लावायची गरज नाही.

यजमानांची बाजूही खरी आहे. आपण लोकांकडे खाऊन आलोय, हे त्यांना टोचतं. त्यांची फारच इच्छा असेल तर वर्गातल्या जूनमध्येच वाढदिवस असलेल्या दुसऱ्या मुलाच्या घरच्यांना विचारा. दोघांत हॉल, संध्याकाळचा नाश्ता, जेवण नाही. तेव्हा तुमचा वाटा पंधरा-वीस हजारांत येतो. त्याच्या पुढे जाऊ नका, आणि तोही कार्डाच्या हप्त्यांवर नको.

टोकनचे दोन हजार लेखी मागा. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर सोडून द्या. दोन हजार वाचवायला ७३,५०० खर्च करणं हा सौदा नव्हे. आणि वाढदिवसाच्या गडबडीत जूनचा आरडीचा हप्ता राहू देऊ नका. खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलं असेल तर मुदत १५ तारखेची आहे. चुकला तर शंभराला एक रुपया, म्हणजे तुम्हाला ३० रुपये दंड.