बेल्जियममध्ये ५४१ दिवस सरकार नव्हतं, मग त्याला सत्तावाटपाचा आदर्श का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे: दहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात श्रीलंकेशी तुलना करून बेल्जियमला शहाणा ठरवलंय, आणि दुसरीकडे त्याच देशात दीड वर्ष सरकार बसलं नाही अशी बातमी. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं आहे. ज्या तरतुदींमुळे भाषेच्या भांडणातून तिथे यादवी झाली नाही, त्याच तरतुदींमुळे सरकार बसायला इतका वेळ लागतो. पुस्तकात पहिली बाजू आहे, दुसरी नाही.

आधी त्या पुस्तकातले आकडे बघू. डच बोलणारे (म्हणजे फ्लेमिश, उत्तरेकडच्या फ्लँडर्सचे) ५९ टक्के, फ्रेंच (बहुतेक दक्षिणेकडच्या वलोनियातले, म्हणजे वॉलून) ४०, जर्मन १. ब्रसेल्समध्ये फ्रेंच ८०, डच २०. हे आकडे सगळे घोकतात, पण हा अंदाज आहे. बेल्जियममध्ये भाषेची शेवटची गणना १९४७ साली झाली. त्यानंतर कायद्यानेच ती बंद केली, आणि ती का बंद केली हे समजलं की निम्मा बेल्जियम समजतो.

१९३२च्या कायद्याप्रमाणे दर जनगणनेनंतर गावाची सरकारी भाषा बदलू शकत होती. दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्के झाले की गावात दुभाषी सेवा सुरू, निम्म्याच्या वर गेले की कारभाराची भाषाच बदलणार. ब्रसेल्स फुगत होतं, फ्रेंच बोलणारी कुटुंबं कडेच्या फ्लेमिश गावांत घरं घेत होती, आणि दर गणनेला एकेक गाव हातातून जात होतं. फ्लेमिश लोक याला ‘तेलाचा डाग’ म्हणत. एव्हेर, गान्सहोरेन आणि बेर्खेम ही तीन गावं १९४७च्या गणनेनंतर ब्रसेल्समध्ये गेली. पुढच्या गणनेच्या वेळी अनेक फ्लेमिश महापौरांनी अर्ज वाटायलाच नकार दिला. शेवटी संसदेने गणनेतून भाषेचा रकानाच काढला आणि १९६२-६३ मध्ये कायद्याने भाषासीमा आखून टाकली. ती आजवर हललेली नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर हे शब्द ऐकत वाढलेल्या माणसाला यातली तिडीक वेगळी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे लोक टक्केवारी पुढे करून सीमा बदला म्हणतात, तिथे टक्केवारी मोजणंच थांबवून सीमा गोठवली.

आता भांडणाचं मूळ. १८३० मध्ये बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटला. नवं राज्य फ्रेंच बोलणाऱ्या वरच्या वर्गाने उभं केलं. हा वर्ग फक्त वलोनियातला होता असं समजू नका, गेंट आणि अँटवर्पमधले गिरणीमालक, वकील, डॉक्टरही फ्रेंचच बोलत. म्हणजे सुरुवातीला हा दोन प्रांतांचा वाद नव्हता, मालकाची भाषा आणि मजुराची भाषा यांचा होता. कायद्यांचा डच मजकूर फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत व्हायला १८९८ उजाडलं. गेंटचं विद्यापीठ फ्लँडर्सच्या मधोमध असूनही पूर्ण डच झालं १९३० मध्ये.

त्यात पैशाचं गणित उलटलं. कोळसा आणि पोलाद वलोनियात, लिएज आणि शार्लर्वाच्या पट्ट्यात. एकोणिसाव्या शतकात फ्लँडर्सची माणसं पोटासाठी तिकडे जात. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणी एकामागून एक बंद झाल्या, तर फ्लँडर्सकडे अँटवर्पचं बंदर, रसायनं, मोटारी आल्या. १९६०च्या दशकात फ्लँडर्स पुढे निघून गेलं. तेव्हापासून फ्लेमिश तक्रार: आमच्या करातून त्यांचं बेकारी भत्त्याचं बिल भरतो. वॉलून उत्तर: शंभर वर्षं तुम्ही कशावर जगलात?

यातून झालेला सौदा पुस्तकात तुकड्यातुकड्यांनी येतो, म्हणून कळत नाही. देशभरात फ्लेमिश बहुसंख्य, पण राजधानीत अल्पसंख्य. फ्रेंच भाषक देशात अल्पसंख्य, राजधानीत बहुसंख्य. दोघांनी आपापली बहुसंख्या सोडली. केंद्रीय मंत्रिमंडळात जास्तीत जास्त १५ मंत्री, आणि पंतप्रधान वगळता डच व फ्रेंच भाषकांची संख्या समसमान. बदल्यात ब्रसेल्सच्या ८९ जागांच्या विधानसभेत १७ जागा डच गटाला राखीव, मंत्रिमंडळातही त्यांचे मंत्री ठरलेले. यावर दोन कुलपं. सत्तावाटपाचे मोठे कायदे बदलायचे तर एकूण दोन तृतीयांश मतं लागतातच, शिवाय दोन्ही भाषागटांत स्वतंत्र बहुमत लागतं. आणि एखाद्या भाषागटाच्या तीन चतुर्थांश खासदारांनी सही केली की सामान्य विधेयकही ३० दिवस अडतं आणि मंत्रिमंडळाकडे जातं. ही ‘धोक्याची घंटा’ फार क्वचित वाजते, कारण ती वाजण्याआधीच मंत्रिमंडळात तोडगा काढतात.

सीमारेषा गोठवल्यावर तिच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी ‘सवलतींची गावं’ आहेत. ब्रसेल्सला चिकटून फ्लँडर्समध्ये अशी सहा आहेत, लिंकेबेक त्यातलंच एक. तिथल्या रहिवाशाला नगरपालिकेशी फ्रेंचमध्ये व्यवहार करता येतो. पण १९९७च्या फ्लेमिश परिपत्रकानुसार कागद आधी डचमध्ये येणार, फ्रेंच प्रत हवी तर मागायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा मागायची. फ्रेंच भाषक म्हणतात हा हक्क कायमचा. फ्लेमिश सरकार म्हणतं ही डच शिकेपर्यंतची सोय. २००६च्या स्थानिक निवडणुकीत तीन गावांत मतदानाची पत्रं सरळ फ्रेंचमध्ये गेली, म्हणून तिथल्या निवडून आलेल्या महापौरांची नेमणूक फ्लेमिश सरकारने रोखून धरली.

याहून बारीक उदाहरण रेल्वेचं. ब्रसेल्सहून लिएजला जाताना गाडी भाषासीमा ओलांडते आणि घोषणेची भाषा बदलते. महामार्गावर ‘बेर्गेन’च्या पाट्या बघत निघालात तर पुढे ते गाव पाट्यांवरून नाहीसं होतं आणि ‘मॉन्स’ येतं. गाव तेच आहे. २०२४ मध्ये मेखेलेनहून ब्रसेल्सकडे जाणाऱ्या गाडीत तिकीट तपासनीसाने डचबरोबर ‘बोंजूर’ही म्हटलं. गाडी अजून फ्लँडर्समध्येच, फिलफोर्डेला होती. एका प्रवाशाने भाषा आयोगाकडे तक्रार केली, कारण नियमाने दोन्ही भाषा फक्त ब्रसेल्समध्ये आणि सवलतींच्या गावांत. पर्यटक हसतात, पण कायद्याच्या कलमाने तक्रारदार बरोबर होता.

आता सरकार का बसत नाही याकडे येतो. सगळ्यात मोठं कारण हेच, आणि पुस्तकात ते मुळीच नाही: बेल्जियममध्ये राष्ट्रीय पक्ष जवळजवळ उरलेले नाहीत. १९६८ मध्ये फ्लँडर्समधल्या लूव्हेनच्या जुन्या कॅथलिक विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर काढा म्हणून आंदोलन पेटलं, त्यावरून सरकार पडलं आणि विद्यापीठ दुभंगलं. फ्रेंच भाषकांसाठी वलोनियात शेतजमिनीवर लूव्हँ-ला-नव्ह नावाचं नवं गाव वसवलं. ग्रंथालय वाटताना विषम क्रमांकांची पुस्तकं एकाकडे, सम क्रमांकांची दुसऱ्याकडे अशी विभागणी झाल्याचं सांगतात. त्याच वर्षी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष भाषेवर फुटला, १९७२ मध्ये लिबरल, १९७८ मध्ये समाजवादी. आज अँटवर्पच्या मतपत्रिकेवर फ्लेमिश पक्ष, शार्लर्वाच्या मतपत्रिकेवर प्रामुख्याने फ्रेंच पक्ष. दोन्हीकडे मतं मिळवणारा दखलपात्र एकसंध पक्ष म्हणजे डाव्या टोकाचा कामगार पक्ष. दोन्ही याद्या एकत्र दिसतात त्या ब्रसेल्समध्ये.

परिणाम बघा. सध्याचे पंतप्रधान बार्ट डे वेव्हर यांना शार्लर्वाचा मतदार मत देऊही शकत नाही आणि पाडूही शकत नाही. नेत्याला पलीकडच्या मतदाराची भीडच नाही, मग प्रचारात त्याला शिव्या घालायला काही किंमत मोजावी लागत नाही. निवडणूक संपली की त्याच लोकांशी आघाडी करायची. दोन वेगळ्या निवडणुका होतात आणि सरकार मात्र एकच बनवायचं असतं.

पद्धत अशी: निकालानंतर राजा पक्षनेत्यांना भेटतो आणि एकाला ‘माहितगार’ नेमतो, जो कोण कोणाबरोबर बसेल याची चाचपणी करतो. जमलं तर ‘रचनाकार’ नेमतात, आणि बहुधा तोच पंतप्रधान होतो. अडलं की मधल्या पायऱ्या जन्माला येतात: मध्यस्थ, पूर्व-रचनाकार, स्पष्टीकरणकार. शेवटी मंत्र्यांची शपथ आणि मग कनिष्ठ सभागृहात विश्वासमत. या सगळ्याला घटनेत मुदत नाही. राष्ट्रपती राजवटीसारखी तरतूदही नाही, त्यामुळे घड्याळ लावणारं कोणी नसतं.

२०१० मध्ये सरकार पडलं ते ब्रसेल्स-हाल-फिलफोर्डे या एका मतदारसंघावरून. फ्लँडर्समधल्या गावांतले फ्रेंच भाषक त्यामुळे ब्रसेल्सच्या फ्रेंच पक्षांना मत देऊ शकत, आणि फ्लेमिश पक्षांना तो तोडायचा होता. १३ जूनच्या निवडणुकीत फ्लँडर्समध्ये राष्ट्रवादी एन-व्हीए आणि वलोनियात समाजवादी पहिले आले. १५० पैकी २७ आणि २६ जागा, आणि दोघांचे कार्यक्रम एकमेकांच्या उलट. समाजवादी नेते एलिओ दी रुपो यांच्या सरकारचा शपथविधी झाला ६ डिसेंबर २०११ रोजी, सहा पक्ष घेऊन आणि एन-व्हीएला वगळून. मतदारसंघ २०१२ मध्ये तोडला.

या ५४१ दिवसांत देश चालला तीन गोष्टींमुळे. पहिली, शाळा, रस्ते, बस, घरबांधणी, शेती हे सगळं प्रदेशांकडे आणि भाषिक समुदायांकडे होतं, आणि त्यांची सरकारं पूर्ण अधिकारात होती. दुसरी, जुनं केंद्रीय सरकार घरी जात नाही, ‘चालू कामं’ बघत राहतं: पगार, पेन्शन, आधीपासून सुरू असलेलं काम. नवं धोरण आणता येत नाही. पण संसद जिवंत असते, त्यामुळे तिच्या पाठिंब्याने मावळते पंतप्रधान लेटर्म यांच्या काळजीवाहू सरकारने २०११ मध्ये लिबियाच्या मोहिमेत लढाऊ विमानंही पाठवली. तिसरी गोष्ट ‘तात्पुरते बारावे भाग’. नवा अर्थसंकल्प नसेल तर संसद गेल्या वर्षीच्या रकमेचा दरमहा बारावा भाग मंजूर करते. त्यात नव्या योजनेला जागा नाही, एवढंच.

काही गोष्टी तर कुणालाच विचारत नाहीत. महागाईच्या निर्देशांकाने ठरलेला उंबरठा ओलांडला की पेन्शन, भत्ते आणि सरकारी पगार आपोआप वाढतात. खासगी क्षेत्रात उद्योगागणिक वेगळा नियम आहे. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे पाच लाख कार्यालयीन नोकरदारांचा पगार एका फटक्यात ११.०८ टक्क्यांनी वाढला. बेकारी भत्ता बहुतेकांना कामगार संघटनेमार्फत मिळतो, आरोग्यविमा परस्पर साहाय्य संस्थांमार्फत, आणि या संस्था मूळच्या कॅथलिक, समाजवादी, लिबरल अशा गटांच्या. त्यामुळे सामान्य माणसाला मंत्री नाही हे पटकन जाणवतच नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये इराकचा सरकाराविना राहण्याचा विक्रम मोडला तेव्हा लोकांनी चौकात फ्रेंच फ्राइज वाटले.

पण फुकट काहीच नव्हतं. बाजाराला बारावे भाग पटत नाहीत. २५ नोव्हेंबर २०११ रोजी एस अँड पी या पतमानांकन संस्थेने देशाचं मानांकन एका पायरीने घटवलं आणि दुसऱ्याच दिवशी सहा पक्षांचं अर्थसंकल्पावर एकमत झालं. महिनोन्महिने राजाला जे जमलं नाही ते व्याजदराने केलं. देशाचं कर्ज आज जीडीपीपेक्षा जास्त आहे, आणि कोविडमध्ये आरोग्याचे अधिकार नऊ मंत्र्यांत विभागलेले निघाले. वाटलेले अधिकार परराष्ट्र व्यवहारातही आडवे येतात: २०१६ मध्ये कॅनडाबरोबरचा अख्ख्या युरोपीय संघाचा व्यापार करार वलोनियाच्या विधानसभेने काही दिवस रोखून धरला होता.

उलटा प्रकारही घडलाय, सरकार आहे पण राजा नाही. एप्रिल १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला राजा बोदुएँ यांची सद्सद्विवेकबुद्धी तयार होईना. मंत्रिमंडळाने घटनेतलं ‘राजा राज्य करण्यास असमर्थ’ हे कलम वापरलं, स्वतः सही केली आणि छत्तीसेक तासांनी संसदेने राजाला पुन्हा समर्थ ठरवलं. बेल्जियन तोडगा म्हणतात तो हा.

परीक्षेपुरतं: पुस्तकात १९७० ते १९९३ दरम्यान चार वेळा घटना बदलली असं आहे, ते बरोबर आहे. पण त्यानंतर २००१ आणि २०११ ते २०१४ अशा राज्यरचना सुधारण्याच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या, म्हणून ‘अशा सुधारणा एकूण किती’ विचारलं तर सहा. ‘समुदाय सरकार’ म्हणजे भाषेप्रमाणे, शिक्षण आणि संस्कृतीसाठी. ‘प्रादेशिक सरकार’ म्हणजे भूभागाप्रमाणे, अर्थव्यवस्था आणि रस्त्यांसाठी. फ्लँडर्सने ही दोन्ही एकत्र केली आहेत, फ्रेंच बाजूने नाहीत. आणि जर्मन भाषकांचा समुदाय स्वतंत्र असला तरी त्यांचा प्रदेश वलोनियाच. पर्यायी प्रश्नांत मुलं तिथेच चुकतात.