आधी तिथे जाऊन उभी राहा

प्रिय पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा मात्र खुर्चीतून उठून जुनी ड्रॉइंग्ज काढून बसले. म्हणून उत्तराला आठवडा लागला.

तू विचारतेस, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल बांधणारा वास्तुविशारद बेसिल स्पेन्स आणि स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीत ते वीस मजली ठोकळे उभे करणारा बेसिल स्पेन्स हा एकच माणूस कसा? त्याला थोर म्हणायचं की नाही? आणि त्याच पानावर खाली, घाईघाईत लिहिल्यासारखं: ऑफिसातलं पुनर्वसनाच्या इमारतीचं काम सोडून देऊ का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं तुला वाटतंय. ते एकच आहेत.

स्पेन्सबद्दल मी वर्गात पहिल्यांदा बोलले ते तो आपल्या मुंबईत जन्मला म्हणून. 1907 साल. वडील टांकसाळीत धातूंचा कस तपासणारे. बाराव्या वर्षी पोराला शिक्षणासाठी एडिनबर्गला धाडलं. पुढे लंडनला, नवी दिल्ली आखणाऱ्या लुटियन्सच्या ऑफिसात वर्षभर, तिथे व्हाइसरॉय हाउसची, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाची ड्रॉइंग्ज त्याच्या हातून गेली. तुम्हा मुलांना ही माहिती आवडते, परीक्षेत लिहिता. तिच्यात फारसं काही नाही. खरी गोष्ट 1950 मध्ये सुरू होते.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत कॉव्हेंट्रीचं मध्ययुगीन कॅथीड्रल जळालं. उरल्या बाहेरच्या भिंती आणि मनोरा. दहा वर्षांनी नव्या कॅथीड्रलसाठी स्पर्धा जाहीर झाली. मनोरा ठेवा अशी अट होती, भिंती ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. स्पेन्सने कागदाला हात लावण्याआधी त्या पडक्या जागेत जाऊन पाय ठेवला. आणि त्याला जाणवलं की हे अजूनही देऊळच आहे, फक्त लाकडी छताच्या जागी आभाळ आहे. तिथेच त्याचं ठरलं: हे पाडायचं नाही, नवं याला लागून उभं करायचं. 219 जणांनी नकाशे पाठवले होते. 1951 मध्ये याचा निवडला गेला.

बघ, तो आधी तिथे जाऊन उभा राहिला. बाकी सगळं त्यातून आलं.

1994 मध्ये मी लंडनहून गाडीने एका दिवसासाठी कॉव्हेंट्रीला गेले होते. आधी अवशेषांत शिरले. भिंतींच्या दगडी चौकटींत काच नाही, फरशीवर पावसाचं पाणी साचलेलं. तिथून नव्या इमारतीत जाताना मध्ये जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत आहे, तिच्यावर जॉन हटनने कोरलेले संत आणि देवदूत. आत गेलं तरी मागे वळलं की त्या देवदूतांमधून जळकी भिंत दिसतेच. आत समोर चित्रकार सदरलंडचा प्रचंड टेपेस्ट्री पट, म्हणजे विणलेलं चित्र, त्यातल्या येशूच्या दोन पावलांच्या मध्ये एक साध्या माणसाएवढा माणूस उभा. मी बराच वेळ त्या लहान माणसाकडेच बघत होते.

आणि खिडक्या. दारातून आत शिरताना दोन्ही बाजूंना नुसत्या दगडी भिंती वाटतात. करवतीच्या दात्यांसारख्या वळवलेल्या भिंती, त्यामुळे काच आपल्याला दिसतच नाही, फक्त पुढे उजेड पडतो. वेदीपर्यंत चालत जायचं आणि मग मागे वळायचं. एकदम पाच जोड्या खिडक्या उघडतात: हिरव्या, लाल, बहुरंगी, जांभळट निळ्या, सोनेरी. एक म्हातारे इंग्रज गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, त्यांनी टोपी काढली आणि काहीच बोलले नाहीत. ही कल्पना स्पेन्सला दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत गुंगीत असताना सुचली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. पण गुंगीत सुचायलासुद्धा आधी त्या जागेने अंगात शिरावं लागतं.

शिव्या किती खाल्ल्या त्याने! जुन्या वळणाच्या लोकांना इमारत फार आधुनिक वाटली, नव्या वास्तुविशारदांना फार जुनाट. पोत्याने पत्रं आली. तो हटला नाही. 1962 च्या मे महिन्यात कॅथीड्रल खुलं झालं.

आता गॉर्बल्स. तू त्याला राक्षस म्हणून मोकळी झालीस, ते मला पटलं नाही. तिथली जुनी घरं आपल्या चाळींसारखीच होती. एका खोलीत आख्खं कुटुंब, जिन्यावर सामाईक संडास, उंदीर, ओल. ती पाडायलाच हवी होती. ग्लासगो कॉर्पोरेशनने काम दिलं आणि स्पेन्सने वाईट हेतूने काहीच केलं नाही. जुन्या इमारतींच्या मागच्या अंगणात बाया कपडे वाळत घालत, बोलत, पोरांवर लक्ष ठेवत. ते अंगण त्याला वर न्यायचं होतं, प्रत्येक घराला मोठा सज्जा, हवेत बाग. मंगळवारी सगळ्यांचं धुणं बाहेर आलं की इमारत शिडं उभारलेल्या जहाजासारखी दिसेल, असं तो म्हणाल्याचं सांगतात.

वाक्य सुंदर आहे. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. जहाज दिसतं ते रस्त्यावरून बघणाऱ्याला. विसाव्या मजल्यावर ओली चादर हातात घेऊन, ग्लासगोच्या वाऱ्यात, आडव्या पावसात उभ्या राहणाऱ्या बाईला जहाज दिसत नाही. बागा झाल्या नाहीत. ओल आली, तोडफोड झाली, देखभालीला कुणी वाली उरला नाही. 1993 च्या सप्टेंबरमध्ये सुरुंग लावून ते टॉवर पाडले, तेव्हा उडालेल्या तुकड्याने बघायला आलेली एक बाई गेली. स्पेन्स 1976 मध्येच वारला होता.

ज्याने स्कॉटलंडमधल्या डनबारच्या बंदरात मच्छीमारांची घरं बांधली, लहान, लाल कौलांची, तिथल्या जुन्या घरांच्या वळणाची, तोच हा माणूस. फरक कुठे पडला? माझं मत सांगते. 1960 च्या दशकात त्याच्याकडे कामांचा ढीग होता: ससेक्सचं विद्यापीठ, न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधली ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी इमारत, दूतावास, बराकी. एवढं काम आलं की पाय जागेवर टिकत नाहीत. माणूस चित्रातून विचार करायला लागतो.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगते? कॉव्हेंट्री डोळ्यांनी पाहून आले आणि तीनच वर्षांनी गिरणगावातल्या एका चाळीच्या जागी नवी इमारत बांधायचं काम हातात घेतलं. सात मजले. मी प्रत्येक दुसऱ्या मजल्यावर सामाईक गच्ची काढली. चाळीची गॅलरी वर नेतेय, असं मी सभेत बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रॉइंगमध्ये मी स्वतः दोरीवर साड्या रंगवल्या होत्या, निळ्या आणि पिवळ्या. चाळीत मी चार वेळा गेले, चारही वेळा दुपारी, चारही वेळा कोरड्या दिवसांत. जुलैत एकदाही नाही.

सात वर्षांनी परत गेले. गच्चीला जाळी, जाळीला कुलूप. आत पाण्याचे पिंप, मोडकी सायकल, कोब्यावर शेवाळ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला चहा दिला आणि काही तक्रार न करता सांगितलं, "तिकडे कपडे घातले तर घरातून दिसत नाहीत, बाई. आणि पाऊस आला की पळायचं कुणी? माझे गुडघे आहेत का तसे?" कपडे मोरीच्या दारावर वाळत होते. घरभर कुबट वास. मी बाई माणूस, आयुष्यभर पावसाळ्यात दोऱ्या बांधल्या, आणि दोरी घरातून दिसायला हवी हे मला सुचलं नाही.

तू म्हणशील, मॅडम, चटई क्षेत्राचं, म्हणजे किती बांधायचं त्याचं गणित तुमच्या हातात नव्हतं. नव्हतंच. बिल्डरने गच्चीवरचं छप्पर काढून टाकलं, लिफ्ट एकच ठेवली, वॉटरप्रूफिंगचे पैसे वाचवले. मी भांडले, तीन पत्रं लिहिली, त्यांच्या प्रती अजून माझ्याकडे आहेत. काम सोडलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी गच्चीही न देता केलं असतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते आजही कुणाहीसमोर म्हणेन. पण जुलैत मी तिथे उभी राहिले नाही. त्यात बिल्डरचा हात नव्हता.

म्हणून मला विचारू नकोस काम सोडू का. तुझ्या पत्रात जिन्याला उजेड नाही, पॅसेज अंधारा, दोन इमारतींतलं अंतर कमी, हे सगळं आहे आणि सगळं प्लॅनवरून आहे. तू लिहितेस की स्क्रीनसमोर बसून रडू आलं. अगं, ज्या वस्तीतले लोक तिथे राहायला जाणार त्यांच्या घरात तू किती वेळा बसलीस? पहाटे पाण्याच्या वेळेला गेलीस? पाऊस कोसळत असताना गेलीस? तुझ्याच ऑफिसने पाच वर्षांपूर्वी बांधलेली तशीच इमारत उभी आहे, तिच्या बाराव्या मजल्यावर एकदा तरी? पत्रात त्याचा एक शब्द नाही. न बघता सोडणं आणि न बघता करणं यांत मला फरक दिसत नाही.

आधी तिथे जाऊन उभी राहा. मग सोड, नाहीतर भांड. भांडायचं झालं तर मी तुझ्या बाजूने येईन, माझ्या नावाला अजून थोडी किंमत आहे.

स्पेन्स थोर की नाही ते बाजूला ठेव. तो दोन्ही आहे, आणि मला तो त्यामुळेच जवळचा वाटतो.

येत्या शनिवारी मला वेळ आहे. त्या बाराव्या मजल्यावर कुणाच्या घरी जाता येईल ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेव, त्यांची सोय बघून वेळ ठरव, आपली नाही. सकाळी साडेसातला दादर स्टेशनच्या पुलाखाली भेटू. हवामानखात्याने जोराचा पाऊस सांगितलाय, तेव्हा रद्द करायला फोन करू नकोस. टेप आण, वही आण, आणि पिशवीत एक सुती साडी ठेव. बादलीभर पाणी त्या घरात मिळेल. ती पिळून कुठे वाळत घालता येते ते दोघी मिळून बघू.

तुझी,
मॅडम