आमच्या भागातले पाडे नकाशावर नाहीत, काम करायला स्वयंसेवक आणि थोडा निधी कुठून मिळेल?

भाऊ, तुम्ही विचारलंय की आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचे पाडे आणि पायवाटा कुठल्याच नकाशात धड दिसत नाहीत, ते काढायला मदत करणारे लोक आणि छोटं अनुदान कुठे मिळेल. मी शहाद्याचा. आम्ही सात-आठ पोरांनी अक्कलकुव्याच्या बाजूला दोन वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

माणसं मिळणं सोपंय, खरंच. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून कोणालाही भर घालता येईल असा मोफत नकाशा २००४ पासून आहे. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी घरी बसून, सॅटेलाइट फोटो बघून तिथल्या राजधानीचे रस्ते काढून दिले, त्यातूनच हॉट (ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम) ही संस्था उभी राहिली. २०१४ पासून रेड क्रॉस आणि डॉक्टरांच्या एमएसएफसोबत मिसिंग मॅप्स नावाचा नकाशे काढायचा प्रकल्प पण चालतो. हे लोक तुमचा भाग छोट्या चौकोनांत वाटतात, एकजण घरं-रस्ते काढतो, दुसरा तपासतो. कॉलेजच्या पोरांसाठी यूथमॅपर्स आहे, कॉलेजात गट काढता येतो.

पण हे लांबचे लोक नकाशात छप्पर काढतील, नाव नाही देऊ शकत. आमच्याकडे कौलारू घरं आणि उन्हाळ्यातली माती फोटोत एकाच रंगाची दिसते, त्यामुळे निम्मी घरं सुटली आणि कडब्याच्या गंजी मात्र घरं म्हणून चढल्या. त्यांना दोष नाही देत, त्यांनी बिचाऱ्यांनी आपली जागा कधी बघितलीच नाही. आणि आपल्याकडे गाव म्हणजे एका जागी वस्ती नसते, जो तो आपल्या शेतात टेकाडावर राहतो, एका गावाचे आठ-दहा पाडे, आणि पाटीलपाडा तर गावागणिक एक! कोणता पाटीलपाडा हे तिथल्या माणसालाच माहीत. आम्ही पहिल्या वर्षी कागदावरची नावं टाकली ती चुकली, मग आशाताईंसोबत फिरलो. त्यांना प्रत्येक घर पाठ असतं, कुठल्या घरात बाळंतीण आहे तेपण. लोक तोंडाने जे म्हणतात तेच नाव टाका, भिली असो का पावरी, आणि कागदावरचं वेगळं असेल तर ते पर्यायी नाव म्हणून.

केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत २००९ मध्ये असंच झालं, नकाशावर ती जागा जवळपास कोरी होती, तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन भरली. दार-ए-सलाममध्ये २०१५ पासून विद्यार्थी आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून पुराच्या भागातली गटारं, नाले काढले. दोन्हीकडे बाहेरून पैसा आणि शिकवणारे आले, पण गल्लीबोळ फिरले ते तिथलेच.

आता पैसा. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने २०२० मध्ये एका प्रकल्पाला ५,००० युरोपर्यंत देणारी छोटी अनुदानं काढली होती, हॉटनेही अशी छोटी अनुदानं दिलीत. हे वर्षभर उघडं नसतं, जाहीर होतं तेव्हाच अर्ज, म्हणून त्यांच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. आम्ही एके ठिकाणी अर्ज केला त्यात लॅपटॉप, ड्रोन, सगळं मोठं मोठं लिहिलं, नाकारला गेला, आणि आता वाटतं बरोबरच होतं. खर्च खरा कुठे होतो तर पेट्रोल, नेट पॅक, दुपारची भाकरी, आणि सोबत फिरणाऱ्या पाड्यातल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी. ही मजुरी नक्की मागा, त्याचा रोज बुडवून आपण फुकट वाटाड्या करणं बरोबर नाही.

आणि हे नीट वाचा, परदेशातून सामाजिक कामाला पैसा घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मित्राच्या खात्यावर मागवू वगैरे अजिबात नको. नोंदणी असलेल्या संस्थेलाच सांगा की हा प्रकल्प तुमचा म्हणून चालवा, आम्ही काम करतो, आणि आधी सीएला विचारा. नाहीतर कॉलेजचं एनएसएस बघा, किंवा जिथे सामूहिक वनहक्क मिळालाय ती ग्रामसभा, कारण वनहक्काच्या सीमेसाठी त्यांना नकाशा लागतोच.

अर्जाची वाट बघत बसू नका मात्र. आधी दोन पाडे पूर्ण करून दाखवा, मोबाइलवर ऑसमँड हे नकाशाचं अ‍ॅप पुरतं, डोंगरात रेंज नसते म्हणून नकाशा शहाद्यातच डाउनलोड करून घ्या. गुगलच्या नकाशावरून काही उतरवू नका, ते चालत नाही, काढून टाकतात.

वेळ पोळा ते दिवाळी. रान हिरवं असताना कौलं फोटोतपण उठून दिसतात, आणि दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला निघून जातात, मग घरांना कुलपं आणि नाव सांगायला एखादी म्हातारी. जाल तेव्हा गाडी जिथे थांबते ती जागा आणि तिथून पुढे पेशंटला झोळीत घालून आणतात ती वाट, या दोन गोष्टी सगळ्यात आधी टाका, घरं नंतर.