मुधोळ कुत्र्याला घेऊन बर्फातल्या स्कीच्या गावी सुट्टीला जायचंय. कुठे जावं आणि त्याला न्यावं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीचे तुम्ही चौघे, तीन वर्षांचा मुधोळ, डिसेंबरअखेर आठ-दहा दिवस, हॉटेल उत्तम हवं, पैशाची फार अडचण नाही. डोक्यात अमेरिकेतलं ॲस्पेन किंवा स्वित्झर्लंडमधलं झरमॅट, ते जमलं नाही तर काश्मीरचं गुलमर्ग.

मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. आमच्या घरी लॅब्रेडोर आहे, खानापूरला भावाकडे मुधोळ. दोघेही आमच्यासोबत मनालीकडे येऊन गेलेत. त्यावरून सांगतो: परदेश या वेळेला सोडा, गुलमर्गही सोडा. मनालीच्या बाजूला जा, पण डिसेंबरअखेर नको, जानेवारीच्या उत्तरार्धात जा. आणि घरात आधीच ठरवा, स्की कोण करणार आणि कुत्र्याजवळ कोण थांबणार. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमत नाही. स्कीच्या गावात कुत्रा चालतो, स्कीच्या उतारावर चालत नाही. जाहिरातीतल्या फोटोत हे कुणी दाखवत नाही.

परदेशाचं आधी उरकतो. ॲस्पेन श्वानप्रेमी गाव आहे हे खरं. तिथलं ‘द लिटल नेल’ हे हॉटेल कुत्र्यांचं अगदी कौतुकानं स्वागत करतं. पण हिवाळ्यात तिथल्या स्कीच्या डोंगरांवर कुत्र्याला मनाई असते, फिरवायचं ते गावातल्या वाटांवर, तेही पट्टा धरून. त्याआधी तिथं पोचायचं कसं? रेबीजच्या दृष्टीनं अमेरिका भारताला जास्त जोखमीचा देश मानते. १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आणखी कडक झाले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप बसवलेली, लसीचा ठरावीक नमुन्यातला दाखला, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली रक्ताची टायटर चाचणी (लस अंगी लागली का ते दाखवणारी), आणि उतरायचं तेही ठरावीक विमानतळांवरच, तिथल्या प्राणी-केंद्रात आधी जागा राखून. टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. तुमची सुट्टी आठ दिवसांची!

झरमॅट मला स्वतःला जास्त आवडलं असतं. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्याच नाहीत, आणि स्विस रेल्वेत मोठा कुत्राही अर्ध्या तिकिटावर शेजारी बसून येतो. पण आपल्याकडून नेताना आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी त्याच टायटर चाचणीसाठी रक्त, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. शिवाय विमानानं थेट स्वित्झर्लंडमध्ये उतरणार असाल तर तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी. परतताना आपल्या पशु संगरोध विभागाचा ना-हरकत दाखला वेगळा. म्हणजे यंदा डिसेंबरात जायचं तर तयारी ऑगस्टअखेर तरी सुरू व्हायला हवी होती. त्यात मुधोळसारखा उंच कुत्रा केबिनमध्ये मावत नाही, तो पिंजऱ्यात घालून सामानाच्या कप्प्यात. आठ दिवसांच्या मजेसाठी त्याला इतके तास तिथं ठेवणं मला पटत नाही.

देशातलं बघू. गुलमर्ग म्हणजे गोंडोला, तिथला रोपवे. लोक त्यातून अफरवाटच्या डोंगरावर ३९०० मीटरच्या वर जायला येतात आणि दिवसभर तिथंच असतात. तेवढा वेळ कुत्रा खोलीत काय करणार? थंडीत तंगमर्गपासून वर चढताना टायरना साखळ्या लावाव्या लागतात आणि बर्फ असा भुसभुशीत की कुत्रा पोटापर्यंत रुततो. उत्तराखंडातल्या औलीला जोशीमठहून जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचल्यावर बंद पडला, त्यामुळे तिकडचा पसारा नकोच.

मनालीत पर्याय सुटसुटीत आहेत. गाव साधारण २००० मीटरवर, सोलंगचे उतार तिथून तेरा-चौदा किलोमीटर. तुमच्यापैकी दोघे सकाळी सोलंगला जा, दोघे कुत्र्याला घेऊन देवदारांत फिरा, दुपारी पाळी बदला. मुलांना खरंच स्की शिकायचं असेल तर मनालीतली अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात नीट अभ्यासक्रम चालवते. रस्त्याकडेला कपडे भाड्यानं देणारे ‘अर्ध्या तासात शिकवतो’ म्हणतात, ते फोटोपुरतं ठीक. डिसेंबरअखेर मनाली गावात बर्फ असेलच असं नाही, गर्दी मात्र हमखास. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा बर्फाचा भरवशाचा काळ. मुलांच्या शाळेचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

मुक्काम माल रोडवर नको. जुनं मनाली चांगलं, पण माझी पसंती जवळच्या नग्गर गावाला. ते थोडं खाली, त्यामुळे रात्रीचा गारठा जरा सोसवतो, जुना लाकूड-दगडाचा किल्ला आहे, रशियन चित्रकार रोरिक यांचं चित्रदालन आहे, आणि सफरचंदाच्या बागांत स्वतंत्र कॉटेज मिळतात. कुत्रा बरोबर असताना मला पंचतारांकित लॉबीपेक्षा जमिनीलगतची, स्वतःचं दार बाहेर उघडणारी खोली जास्त मोलाची वाटते. रात्री दोनला त्याला बाहेर जायचं असलं की लिफ्ट आणि झुंबरं काय कामाची?

हॉटेलच्या पानावर ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं असलं तरी फोन करा. कुत्र्याचं वजन आणि उंची सांगा, कारण पुष्कळ ठिकाणी ते शब्द पामेरियनपुरते असतात. जेवणाच्या हॉलमध्ये येऊ देतात का, खोलीत एकटा ठेवलेला चालतो का, साफसफाईचे किती घेणार, हीटर कुठला आहे, सगळं विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको म्हणजे नको, माणसालाही नको. इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तर वायर त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

आता न्यायचं कसं. आपल्या दारावरून जाणारा पुणे-बंगळूर हायवे हाच पुढं दिल्लीला जाणारा एनएच ४८. कोगनोळीचा नाका ओलांडला की नाकासमोर, असं नकाशावर वाटतं. पण मनालीपर्यंत सव्वादोन हजारांच्या वर किलोमीटर होतात. कुत्र्याला दर दोन-तीन तासांनी उतरवत गेलात तर जायलाच पाच दिवस. महिनाभराची रजा असेल तर जरूर जा, नाहीतर सुट्टी टोलनाक्यांवरच संपते. विमानात इंडिगो पाळीव कुत्रा घेतच नाही, आणि ज्या कंपन्या केबिनमध्ये घेतात त्यांची वजनाची मर्यादा पिंजऱ्यासकट असते. तुमचा मुधोळ वीस किलोच्या पुढं असणार, म्हणजे केबिनचा रस्ता बंद, आणि सामानाच्या कप्प्याबद्दल माझं मत वर सांगितलंच.

राहिली रेल्वे, आणि तुम्हाला ती अगदी सोयीची पडेल. कुत्रा माणसाबरोबर फक्त फर्स्ट क्लासमध्ये नेता येतो, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी तुमच्या नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, कुठंच चालत नाही. तुम्ही चौघे आहात, म्हणजे चार बर्थची केबिन आपोआप भरते. निपाणीहून आपल्या गाडीनं मुंबई, तिथं एक रात्र, मग संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून राजधानीच्या फर्स्ट एसीत. सकाळी दिल्ली. पुढं टॅक्सीनं चंदीगडला मुक्काम करून मनाली.

एकाच पीएनआरवर चौघांचं तिकीट काढा आणि एकत्र केबिन मिळावी म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाला आधी अर्ज द्या. केबिन कुठली ते चार्ट लागल्यावरच कळतं, तोवर जीव टांगणीला असतो. कुत्र्याचं बुकिंग तिकिटाबरोबर होत नाही. गाडी सुटण्याच्या दोन-तीन तास आधी त्याला घेऊन पार्सल ऑफिसात जायचं, लसीचं पुस्तक आणि डॉक्टरांचा तब्येतीचा ताजा दाखला दाखवायचा, वजनाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यायची. केबिन मिळाली नाहीच तर गार्डाच्या डब्यातल्या लोखंडी कप्प्याचा पर्याय सांगतील. तो स्वीकारू नका. दिल्लीच्या जानेवारीत रात्रभर त्या पत्र्यात मुधोळ म्हणजे छळ.

आपल्या भागाची एक गंमत इथं आडवी येते. सरकारी दवाखान्यातला दाखला कन्नडमध्ये मिळाला तर मुंबईच्या पार्सल खिडकीवर आणि हिमाचलच्या नाक्यावर तो कुणाला वाचता येणार? डॉक्टरांना सांगून इंग्रजीत लिहून घ्या, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासकट. त्यात भाषेचा अभिमान दुखावण्यासारखं काही नाही, आपल्याला पार्सलची पावती मिळणं जास्त महत्त्वाचं. परतीसाठी नवा दाखला तिकडच्याच पशुवैद्यकाकडून घ्यावा लागेल.

आता खरा मुद्दा, तुमचा मुधोळ. लॅब्रेडोर बर्फात लोळतो, त्याला दुहेरी केस असतात. मुधोळ हा माळरानावर सशामागं पळण्यासाठी घडलेला प्राणी, अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी पातळ. बेळगावात पारा बारा-तेरावर आला तरी भावाचा कुत्रा पोत्यात शिरतो. तेव्हा बर्फात एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, तीही हलता ठेवून. कापरं भरलं, पाय उचलून धरू लागला किंवा एकाएकी मंदावला, की लगेच आत. नुसता पाठीवरचा कोट उपयोगाचा नाही, छाती आणि पोट झाकणारा घ्या. कानांवर लोकरीची पट्टी. मुधोळच्या कानाची पाळी पातळ, थंडी तिथं आधी लागते.

बुटांची सवय इथंच करा. आधी घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर. तिथं जाऊन पहिल्यांदा घातलेत तर बदकासारखा चालेल आणि दाताने काढून टाकेल. बूट नसतील तर बोटांमधले केस कापून पंजांना व्हॅसलीन लावा, म्हणजे बर्फाचे खडे धरत नाहीत. आत आल्यावर कोमट पाण्यानं पुसा, कोरडं करा.

पट्ट्याचं विशेष बघा. मुधोळचं डोकं मानेच्या मानानं अरुंद, साधा पट्टा त्यानं मागं ओढ घेतली की निसटतो. मार्टिंगेल पद्धतीचा (ओढ बसली की बेतानं आवळणारा) पट्टा किंवा छातीचा घट्ट हार्नेस, आणि मोकळं कधीच सोडायचं नाही. डोंगरात मेंढ्या दिसल्या की तुमची हाक त्याला ऐकू येणार नाही, आणि गद्दी धनगरांचे कुत्रे पाहुण्याला सोडत नाहीत. त्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे असतात, ते बिबट्यासाठी. त्या भागात बिबटे कुत्री उचलतात, म्हणून अंधार पडल्यावर बाहेर न्यायचं ते दारासमोर, पट्टा हातात घेऊन, टॉर्च लावून.

खाण्यात प्रयोग नकोत. घरी ज्वारीची भाकरी, दूध, अंडी खात असेल तर पीठ बरोबर न्या, कॉटेजवाले भाजून देतात. थंडीत त्याला नेहमीपेक्षा जास्त लागतं, पण घाट चढायच्या आधी चार तास उपाशी ठेवा. गाडी लागते का ते चोर्ला किंवा आंबोलीला एक फेरी मारून आताच बघून घ्या. पाणी कोमट करून द्या. बर्फ चाटून तहान भागते असं समजू नका. पार्किंगमध्ये गाडीखालचं हिरवट-गुलाबी पाणी चाटू देऊ नका, कूलंट चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक असतं. पोचल्यावर पहिला दिवस नुसता आराम, सोलंगकडे दुसऱ्या दिवशी. अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला कुत्र्याला नेण्याचा मोह होईल, पण बर्फ पडल्यावर पोलीस फोर बाय फोरच गाड्या सोडतात आणि रांगेत तासन्‌तास जातात. तो दिवस त्याला नग्गरला ठेवा, एकानं त्याच्याजवळ थांबा.

जानेवारीचं राजधानीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि फर्स्ट एसीच्या जागा मोजक्या असतात. आधी कॉटेजवाल्याचा होकार, मग तिकीट, आणि रेबीजच्या लसीची तारीख उलटून गेली असेल तर ती याच आठवड्यात.